वामनराव काय म्हनतेत

वामनरावांची जीभ कापावी लागणार ही बातमी गावात आली, तेव्हा दोन-तीन घरांत तरी लोकांनी "बरं झालं" एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं.

तेलंगणातल्या जैनथ मंडलातलं, पैनगंगेच्या काठाला टेकलेलं ते गाव. वामनराव तिथले बैलांचे दलाल. नदीच्या अलीकडचा बाजार असो की पलीकडचा, ते उभे राहिले की गर्दी व्हायची. ती बैल पाहायला नसायची, त्यांचं बोलणं ऐकायला असायची. मराठी, तेलुगू, हिंदी, तिन्ही भाषांत त्यांचं तोंड सारखंच चालायचं. लिहिता मात्र एकीतही येत नव्हतं, अंगठाच. बैलाचे दात बघून वय सांगावं तसं माणसाकडे एकदा बघून ते त्याचं व्यंग हेरत, आणि त्यांनी ठेवलेलं नाव त्या माणसाला मरेपर्यंत चिकटत असे. पायाने अधू असलेल्या पोस्टमनला त्यांनी 'तिपाई' करून टाकलं. नवरा वारल्यावर एकटीनं कापूस पिकवणाऱ्या एका बाईला भर बाजारात 'मोकाट' म्हणाले. ती बाई वर्षभरात शेत बटईनं देऊन माहेरी निघून गेली. लोक हसायचे, कारण हसलं नाही तर पुढची पाळी आपली, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

घरात पाळी रोजच बायकोची, जयवंताबाईंची. बैल पाहायला गिऱ्हाईक आलं की त्या चहा घेऊन बाहेर यायच्या आणि वामनराव म्हणायचे, "हे बी घेऊन जा. भाकड हाये, पन दावं फुकट देतो." गिऱ्हाईक हसायचं. जयवंताबाई कप गोळा करून आत जायच्या. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मुलगी दीपमाला हिनं आदिलाबादला शिकताना आपल्या मनानं लग्न केलं. नवरा देवानंद दुसऱ्या जातीतला. आदिलाबादजवळच्या मावल्याला मोटारी दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान. लग्न करून दोघं पाया पडायला आली, तेव्हा वामनराव ओट्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत बसले होते. त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारून गोळा केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माही एक पोरगी होती, ते मेली. तेरवी बी झाली. ह्या बाईले मी वळखत नाई. हिच्या घरचं पानी बी पिनार नाई, शपथ हाये." दीपमाला दारातूनच परत गेली. त्यानंतर घरात तिचं नाव काढायची सोय राहिली नाही. जयवंताबाई तिला भेटायच्या त्या आदिलाबादच्या भाजीबाजारात, चोरून.

खर्रा वामनरावांच्या गालात दिवसभर असायचा. जिभेच्या कडेला फोड आला, तो चार महिने बरा झाला नाही. गावच्या डॉक्टरनं मलम दिलं, दुसऱ्यानं दात काढला. शेवटी हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मुलाला, पंढरीला, बाजूला घेऊन कॅन्सर आहे, जीभ काढावी लागेल, असं सांगितलं. पंढरी जैनथ ते आदिलाबाद ऑटो चालवायचा. साधा पोरगा, आजवर बापापुढे तोंड उघडायचं कधी त्याला जमलं नव्हतं. आता बापाला काय सांगावं ते त्याला कळेना. गावाकडे त्यानं फोनवर कळवलं, बापाला काहीच सांगितलं नाही. ऑपरेशनमधून शुद्धीवर आल्यावर वामनरावांना ते आपोआप कळलं.

जीभ जवळजवळ सगळीच गेली होती. खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठीही काढल्या होत्या. तोंडातली पोकळी भरायला मांडीची कातडी शिवली होती, आणि पहिला महिना त्या कातडीवर मांडीचे केस उगवत राहिले. वामनराव बोट घालून ते चाचपत आणि ओकायला बघत, पण धड ओकताही येत नसे. मग सव्वा महिना किरणांचे उपचार झाले. किरणांनी केस गेले, चव गेली, मानेचं लाकूड झालं. तोंड एक बोट जाईल एवढंच उघडायचं. लाळ आत राहत नसे, म्हणून गळ्यात कायम एक दुपट्टा. ज्वारीची पातळ आंबील जयवंताबाई पिचकारीनं गालाच्या कडेतून आत सोडायच्या. अर्धी नाकातून परत यायची. वामनराव भिंतीकडे तोंड करून ती घ्यायचे.

आणि बोलणं. जिभेची सगळी अक्षरं गेली होती. ओठांची तेवढी राहिली, प, ब, म, आणि नुसते स्वर. बाकीच्यांना तो आवाज गोठ्यातून आल्यासारखा वाटायचा. पंढरीलाही कळायचं नाही. जयवंताबाईंना मात्र पहिल्या दिवसापासून शब्द न् शब्द कळला. एकतीस वर्षं त्या माणसाचं तोंड पुढे काय बोलणार याचा अंदाज घेतच त्या जगल्या होत्या.

ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात अमृतराव भेटायला आले. बाजारातले जुने दलाल. एकेकाळी दोघांचा मोठा खटका उडाला होता. ते खाटेशेजारी बसले तसे वामनराव फणफणले, लाळ उडवत काहीतरी बोलले. ते म्हणाले होते, "याले कोनं बोलावलं? तमाशा पाह्याले आला का? हाकल याले."

अमृतरावांनी जयवंताबाईंकडे पाहिलं. "काय म्हनतेत?"

जयवंताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चटकन बोलून गेल्या, "बसा म्हनतेत. च्या घेऊन जा."

वामनरावांचे डोळे मोठे झाले. त्यांनी तेच पुन्हा, जोरात सांगितलं.

"तुमी आले तं लय बरं वाटलं, म्हनतेत."

अमृतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी वामनरावांचा हात हातात घेतला आणि मागचं सगळं विसरा म्हणाले. जयवंताबाई चहा ठेवायला आत गेल्या. चुलीपुढे बसल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांना असं हसू आलं होतं, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला.

ऑपरेशनला सहा महिने झाले, तेव्हा वामनरावांनी बाजाराला जायचा हट्ट धरला. पंढरीनं ऑटोतून नेलं. बैलांच्या सौद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोन माणसं दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. त्याला जीभ लागत नाही. हे वामनरावांनी घरी बसून मनात कितीदा घोळवलं असेल कोण जाणे. ते ओळखीच्या जागेवर, लिंबाखाली, जाऊन उभे राहिले. एका शेतकऱ्याची जोडी चांगली होती. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकला आणि हात पुढे केला. दुपट्टा लाळेनं ओला झाला होता. शेतकरी त्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपला हात हळूच पाठीमागे नेला आणि म्हणाला, "सौदा झाला बाबा माहा." दुसऱ्यानंही तसंच केलं. तिसरा तर लांबूनच वळला. वामनराव हात पुढे करून तासभर उभे होते. कोणीतरी पोरगं हसलं आणि म्हणालं, "फेसाळ्या आला, फेसाळ्या." ते नाव त्याच दिवशी गावात पोचलं.

त्यानंतर ते घराबाहेर गेले नाहीत.

जयवंताबाईंचं बोलणं मात्र वाढलं. वामनरावांच्या नावानं त्या एकेक गोष्ट मार्गी लावू लागल्या. गोठा विकून टाका म्हनतेत. देव्हाऱ्यापुढची खोली मोकळी करा म्हनतेत. पंढरी निमूट ऐकायचा, कारण बापाचा शब्द होता. वामनराव खाटेवरून ओरडायचे. पंढरी म्हणायचा, "हो बाबा, करतो ना. घाई काऊन करता?"

मग एक दिवस जयवंताबाईंनी फोन लावला. "दीपमाला, ये वं. बाबानं बोलावलं तुले."

दीपमाला आली. सोबत तिची तीन वर्षांची मुलगी, चंदा. ओट्याची पायरी चढून ती दारात आली. बापाचा चेहरा तिनं ऑपरेशननंतर पाहिला नव्हता. एक बाजू आत बसलेली, ओठ ओघळलेला, मानेवर कातडी करपलेली. ती दारातच रडायला लागली.

वामनरावांनी तिला पाहिलं आणि ते खाटेवर उठून बसले. हातानं तिला बाहेर व्हायची खूण करत ते पुन्हा पुन्हा एकच शब्द बोलत होते. "मेई! मेई!"

"काय म्हनतेत, आई?"

जयवंताबाई खाटेपाशी गेल्या. त्यांनी तो हलणारा हात पकडला, ओढून आणला आणि दीपमालाच्या डोक्यावर ठेवला. "माई म्हनतेत तुले. लहानपनी म्हनत होते ना, तसं. माहं चुकलं माई, म्हनतेत."

दीपमाला बापाच्या पायांवर कोसळली. वामनरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जयवंताबाईंनी त्यांचा हात सोडला नाही, दाबूनच धरला. दीपमालानं ते पाणी आपल्या पदरानं पुसलं. ती मावल्याला परत गेली तेव्हा देवानंदला म्हणाली, "बाबानं मले माई म्हनलं." मग ती दर आठवड्याला येऊ लागली. आणि ती दारात दिसली की वामनराव तोच शब्द म्हणायचे, आणि ती हसून "ओ" द्यायची.

दोन वर्षं झाली. हैदराबादच्या दवाखान्यातून मीनल नावाची मुलगी गावात आली. बासरकडची होती, मराठी चांगलं बोलायची. ऑपरेशननंतर रोगी किती जगतात आणि कसे जगतात, याची दवाखान्यात पाहणी चालू होती. तिच्याजवळ छापील प्रश्न होते आणि प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, थोडं, बरंच, फार.

"आजोबा, मी तुम्हाला विचारते," मीनल म्हणाली. "मान हलवून सांगता येईल?"

"मान हलत नाई त्यायची," जयवंताबाई म्हणाल्या. "मले विचार. मले समदं समजते."

"मागच्या आठवड्यात लोकांसमोर जेवायला अवघड गेलं का?"

"नाई. अजिबात नाई." हे खोटं नव्हतं. दोन वर्षांत ते लोकांसमोर जेवलेच नव्हते.

"घरच्यांशी बोलायला अडचण?"

"मी हावो ना."

"दिसण्याचं वाईट वाटतं?"

"आता काय म्हातारपनी."

वामनराव खाटेच्या लाकडावर मूठ आपटत होते. "मऊ ए," ते म्हणाले. "मऊ ए म-ए. मऊ ए."

मीनल थांबली. "काय म्हणताहेत?"

'मरू दे मले.' गेलं वर्षभर ते सकाळी उठल्यावर हेच म्हणायचे आणि झोपताना हेच. आंबिलीची पिचकारी हातात घेतली की हेच. जयवंताबाईंनी मीनलकडे न बघता सांगितलं, "मऊ भात मागतेत. गिळता येत नाई, पन जीव जाते."

मीनलला वाईट वाटलं. शेवटचा प्रश्न होता, एकूण जगणं कसं चाललं आहे, एक ते सातमध्ये. एक म्हणजे फार वाईट, सात म्हणजे उत्तम.

"सहा लिहा," जयवंताबाई म्हणाल्या.

"दोन वर्षं झाली आणि आजार परत आला नाही, मावशी. आमच्या यादीत असे फार थोडे आहेत. हे सगळं तुमच्या सेवेमुळे." मीनलनं वाकून नमस्कार केला. जयवंताबाईंनी तिला कुंकू लावून साखर दिली.

पुढच्या श्रावणात जयवंताबाईंना चिकुनगुन्या झाला. सांधे इतके धरले की पिचकारीही दाबता येईना. दीपमाला चंदाला घेऊन राहायला आली. बापाचं सगळं तिनं हातात घेतलं. दिवसातून सहा वेळा आंबील, तोंडाची सफाई, दुपट्टे धुणं. पहिले काही दिवस तिला काहीच कळायचं नाही. ते "मऊ ए" म्हणाले की ती भाताची पेज पातळ करून आणायची आणि ते पिचकारी हातानं उडवायचे. मग हळूहळू कान बसायला लागला. 'पाई' म्हणजे पाणी. 'माई' म्हणजे माशी. तिला गंमत वाटली. चंदालाही ती शिकवायला लागली, आजोबाची भाषा.

एका सकाळी अंगणात एक कोंबडी मरून पडली होती. मुंगूस लागलं असावं. चंदा ओट्यावर उभी राहून विचारत होती, "आजोबा, कोंबडी काऊन उठत नाई?" वामनराव बाहेर खाटेवर होते. नातीला ते कधी काही बोलत नसत, पण त्या दिवशी बोटानं कोंबडी दाखवत म्हणाले, "मेई."

दीपमाला दुपट्टा पिळत होती. ती तशीच थांबली.

"काय म्हनले, बाबा?"

वामनरावांनी आधी कोंबडीकडे बोट केलं. मग तिच्याकडे. "मेई," ते म्हणाले. दोन वर्षांनी त्यांचं बोलणं कुणाला तरी कळलं होतं आणि ते त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, नीट. "ऊ मेई."

तू मेली.

दीपमालानं दुपट्टा दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि आत आईकडे गेली. जयवंताबाई भिंतीला टेकून गुडघे चोळत होत्या.

"आई, बाबानं मले कदी माई म्हनलंच नाई ना?"

जयवंताबाई गुडघा चोळत राहिल्या.

"मेली म्हनत होता. दर वेळेस. आन् मी ओ देत होती."

"मंग?" जयवंताबाई एकदम म्हणाल्या. "तुले माहेर पायजे होतं का नाई? त्याच्या भरोशावर राह्यली असती तं ह्या घराची पायरी दिसली नसती तुले. मी देल्लं. त्याच्या तोंडातून काढून देल्लं."

"आन् मऊ ए म्हन्जे?"

जयवंताबाईंनी गुडघ्यावरचा हात काढला. "मरू दे म्हनते."

"कदीपासून?"

"लय दिवसापासून."

आंबिलीची वेळ झाली तशी दीपमाला उठली. त्या दिवशी तिनं आंबील नेहमीपेक्षा सावकाश पाजली. एक थेंब बाहेर येऊ दिला नाही.

दिवाळीनंतर वामनरावांच्या उरल्या जिभेच्या मुळाशी गाठ आली. रक्त पडायला लागलं, तसं चौघं हैदराबादला गेली: वामनराव, पंढरी, जयवंताबाई आणि दीपमाला. डॉक्टर वयस्कर होते, घाई करणारे नव्हते. त्यांनी हिंदीत सगळं नीट समजावलं. आजार परत आला आहे. काही केलं नाही तर चार-पाच महिने; त्रास कमी होईल अशी औषधं देऊ, घरी ठेवा. ऑपरेशन केलं तर वर्ष, फार तर दीड वर्ष. पण मग आवाजाची नळीही काढावी लागेल. गळ्याला भोक पडेल, श्वास तिथून. आवाज अजिबात राहणार नाही. तोंडानं पाण्याचा थेंबही नाही, पोटात कायमची नळी.

"दिवस वाढतील," डॉक्टर म्हणाले, "पण ते दिवस कसे असतील ते मी सांगितलं. हे यांनी ठरवायचं." आणि ते वामनरावांकडे वळले. "बोलो बाबा. क्या चाहते?"

अडीच वर्षांत त्यांना स्वतःला काय हवं ते कोणी विचारलं नव्हतं. वामनराव खुर्चीत पुढे सरकले. "मऊ ए," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मऊ ए म-ए. मऊ ए, मऊ ए."

डॉक्टरांनी बायांकडे पाहिलं.

जयवंताबाईंनी पदर सावरला. "साहेब, वो..." त्यांना हिंदी जमत नव्हतं, त्या शब्द शोधत होत्या. "वो बोलते कि..."

"जीना है बोल रहे," दीपमाला म्हणाली. "हाथ जोड रहे तुमको. ऑपरेशन कर दो, डॉक्टरसाब."

वामनरावांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मान वळत नव्हती. सगळं अंगच त्यांनी मुलीकडे फिरवलं. मग टेबलावर दोन्ही मुठी आपटायला लागले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हिम्मत है बाबा में," ते म्हणाले. "डरना नहीं." कागदांवर पंढरीनं सह्या केल्या. त्याचेही डोळे ओले झाले होते.

बाहेर बाकावर जयवंताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आज मी खरं सांगनार होती वं."

"मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं?" दीपमाला म्हणाली.

ऑपरेशन चांगलं झालं. दर आठवड्याला पट्टी बदलायला आदिलाबादच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. गावाहून ते जमेना. दीपमाला म्हणाली, मावल्याला माझ्या घरी ठेवू. सगळ्यांना ते पटलं. ज्या घराचं पाणी पिणार नाही अशी वामनरावांनी शपथ घेतली होती, त्या घरात त्यांची खाट पडली आणि नळीतून त्या घरचं पाणी त्यांच्या पोटात जाऊ लागलं.

देवानंद साधा माणूस होता. सासऱ्यानं एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं याचा त्यानं राग धरला नाही. दुकान उघडायच्या आधी तो वामनरावांच्या गळ्याचं भोक साफ करायचा, आतला चिकटा नळीनं ओढून काढायचा, अंग पुसायचा. हाताचं काळं ऑइल जावं म्हणून आधी दोनदा साबण लावायचा. वामनराव डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी दोनदा पोटातली नळी उपटली. मग नळीतून देताना दीपमाला मऊ कापडानं त्यांचे हात खाटेला बांधू लागली. गाठ नीट बसावी म्हणून देवानंद ते हात धरायचा आणि म्हणायचा, "बाबा, थोडं सोसा. तुमालेच जगाचं हाये ना?"

दुपारी तो दुकानात असायचा, चंदा बालवाडीत. घरात दोघंच. दीपमाला नळीत आंबील ओतता ओतता कधी बोलायची. "मी मेली ना, बाबा? पाहा मंग. मेलेलीच पाजून राह्यली तुमाले." वामनराव बघत राहायचे. गळ्यातून नुसती हवा यायची.

एकदा ती पाणी भरून आली तेव्हा चंदा खाटेवर चढून बसली होती आणि वामनराव तिच्या केसांतून हात फिरवत होते, फार हळू, वासराच्या मानेवरून फिरवावा तसा. दीपमालाच्या डोक्यावरून त्यांनी असा हात तिला आठवतं तेव्हापासून फिरवला नव्हता. तिनं चंदाला हाक मारली. चंदा उठेना, तेव्हा दंडाला धरून आत नेलं. वामनरावांचा हात तसाच अधांतरी राहिला. दुसऱ्या दिवसापासून तिनं चंदाला त्या खोलीत जाऊ दिलं नाही.

चौदा महिने ते जगले. दुसऱ्या संक्रांतीनंतर दोन आठवड्यांनी, भर दुपारी, देवानंद जेवायला घरी आला असताना त्यांच्या मानेतली मोठी शीर फुटली. देवानंदनं हाताशी आलेलं पांघरूण गळ्यावर दाबून धरलं. पांघरूण, खाट, भिंत, त्याचा शर्ट, सगळं भिजलं. दीपमाला स्वयंपाकघरातून धावत आली आणि उंबऱ्यात थांबली. वामनराव तिच्याकडे बघत होते. दोन-तीन मिनिटांत संपलं.

तेरवी गावी केली, तिला दोन्ही काठांवरचे लोक आले. अमृतराव आले, बाजारातले दलाल आले. पोरगी असावी तर अशी, म्हणाले. जयवंताबाई बायांत बसून सगळ्यांशी बोलत होत्या. दीपमालाशी बोलल्या नाहीत. मीनलचा फोन आला. तिनं पंढरीला तारीख विचारली, तीन वर्षं नऊ महिने म्हणजे या आजारात फार चांगलं म्हणाली. देवानंद पत्रावळींवर वाढताना प्रत्येकाला सांगत होता, "लय हिंमतीचा मानूस. शेवटपरेंत जगाचं म्हनत होते. डॉक्टरले हात जोडले त्यायनं, मले जगाचं हाये म्हून."

चार दिवसांनी मावल्याला परतल्यावर, सकाळी, दीपमाला आणि देवानंद ती बंद ठेवलेली खोली धुवत होती. भिंतीवरचे डाग निघत नव्हते. देवानंद म्हणाला, चुना मारावा लागेल. मग पुन्हा तेच म्हणाला, बाबांची हिंमत मोठी.

"ते जगाचं म्हनत नव्हते," दीपमाला म्हणाली.

"आं?"

"डॉक्टरले हात जोडले ते मरू द्या म्हून. मी उलटं सांगतलं."

देवानंदच्या हातात खराटा होता. "तुले तेव्हा समजलं नसन."

"समजलं होतं. समदं समजत होतं."

"काऊन मंग?"

दीपमाला भिंत घासत राहिली. "तो मले मेली म्हनत होता. मले वाटलं, त्यानं रोज डोळे उघडावं आन् मी समोर असावं. बोलता येऊ नये." ती थांबली. "लय दिवस असंच वाटलं. मंग नाई वाटलं. पन तवा काय करता येत होतं?"

"मी त्याचे हात धरत होतो, दीपमाला," देवानंद म्हणाला. "रोज. तू बांधत होती आन् मी धरत होतो."

देवानंदनं खराटा भिंतीला टेकवून ठेवला, बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले आणि दुकानाची किल्ली घेतली. चंदा दारात खेळत होती. तिला त्यानं मोटारसायकलवर पुढे बसवलं आणि सोबत नेलं. दुपारी तो जेवायला आला नाही. डबा न्यायला दुकानातला माणूस आला. दुसऱ्या दिवशीही तोच आला.